सोनरुपीचा वाफारा

सोनरुपीची कळी उमलायच्या आत तोडायची असते. हे चीनमधल्या मेंगशानच्या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हिरवट पांढरी असते तेव्हा कळीत औषध ठासून भरलेलं असतं. उमलली की पांढरीशुभ्र, दुसऱ्या दिवशी पिवळी, म्हणून तर नाव सोनरुपी. दिसायला छानच दिसते, पण औषधवाला मग तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि तोडली की लगेच ऊन लागलं पाहिजे. नाही लागलं तर कळी काळवंडते आणि घरच्या चहात टाकण्यापलीकडे तिचा उपयोग राहत नाही.

त्या वर्षी ऐन तोडणीत पाऊस आला आणि चिकट पाहुण्यासारखा उठायचं नावच घेईना. गावचं सामाईक वाळवणयंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं. ते दुरुस्त करणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत राहिला. लाओ बिएन या शेतकऱ्याच्या अंगणात छपराखाली चाळण्यांवर चाळण्या रचलेल्या होत्या. तो दिवसभर त्या हलवायचा, फुंकायचा, पंखा लावायचा. पण व्हायचं ते झालंच. पहिल्या तोडणीची सगळी फुलं काळी पडली.

अशा वेळी गावात काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल बोलत कोणी नाही. बंद खोलीत चाळण्या रचायच्या, खाली निखाऱ्यांवर गंधक टाकायचं आणि दार लावून घ्यायचं. धूर फुलांत मुरतो. कळी जशीच्या तशी राहते, जणू आत्ताच वेलीवरून उतरवली.

बिएनच्या घरात मात्र गंधकाला बंदी होती आणि ती घातली होती त्याच्या बायकोने, शिलानने. त्यांची एकुलती एक लेक यूलू लहानपणी दम्याने बेजार असायची. तोडणीचा हंगाम आला, शेजारीपाजारी धुरी पेटली की पोरीची छाती वाजायला लागायची, ओठ निळे पडायचे. एकदा तर तिला पाठुंगळी घेऊन बिएन डोंगर उतरून दवाखान्यापर्यंत धावत गेला होता. परत आल्यावर शिलानने गंधकाचं मडकं अंगणात आपटलं.

“पुन्हा हे पिवळं विष या उंबऱ्याच्या आत दिसलं तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन,” ती म्हणाली होती. “तुम्ही बसा तुमची फुलं कवटाळून.”

बिएनने शब्द दिला आणि इतकी वर्षं पाळलाही. गावाने टिंगल केली. “बिएनची फुलं नवरीसारखी, ऊन असेल तरच बाहेर पडतात,” असं म्हणायचे. तो हसायचा. मनातून त्याला त्याचा अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये?

यूलू मोठी झाली, शिकली, दमा मागे पडला. आता ती जिनानला एका औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. खोकल्यावरची, छातीच्या संसर्गावरची औषधं तिथे बनायची. सोनरुपीत क्लोरोजेनिक नावाचं आम्ल असतं, खोकल्याच्या रोगाशी झुंजतं ते तेच, असं कारखान्याचं म्हणणं. ते आम्ल फुलांत किती आहे हे यूलू यंत्रावर मोजायची. आकडा चांगला आला तर माल घ्यायचा, नाहीतर परत. गावातले लोक आम्लाचं नाव घ्यायच्या भानगडीत पडत नसत, नुसतं ‘आकडा’ म्हणत.

पावसाच्या आधी तिचा फोन आला होता.

“बाबा, मी साहेबांना सांगून ठेवलंय. यंदा आमच्या घरची फुलं घेऊन बघा म्हटलं. धुरी नाही, सगळं उन्हावर. तालुक्याचे व्यापारी चोउशेठ नमुना न्यायला येतील. मला तोंडावर पाडू नका हं!”

“तुला पाडून मी कुठे जाऊ?” बिएन म्हणाला होता.

मग फुलं काळी पडली. शिलानने फोनवर लेकीला सांगितलं तेव्हा पलीकडून मोठा सुस्कारा आला.

“आई, काळी फुलं शेठना देऊ नका. रंग गेला की आम्ल गेलं. ते नुसतं गवत आहे, त्यात औषध म्हणून काही उरत नाही.”

“मग घरी पिऊ,” शिलान म्हणाली, “आम्ही काय, गवतावरच वाढलोय.”

दोघी हसल्या. बिएन तिथेच कांदापात निवडत बसला होता, त्याला हसू आलं नाही. लेकीने साहेबांपुढे शब्द टाकला होता. तपासणीच्या खोलीत दहा जणांदेखत बापाच्या नावाचं पाकीट उघडणार आणि आतून काळं गवत निघणार! त्या विचारात त्याने निवडलेली पात कचऱ्यात टाकली.

बाजाराच्या दिवशी शिलान डोक्यावर टोपी घालून, पाठीला टोपली लावून डोंगराखाली गेली. दुसरी तोडणी तेव्हा अंगणात ओली पडून होती. बिएनने ती सगळी तीनचाकीत घातली आणि गावाबाहेरच्या पडक्या भट्टीवर नेली. पूर्वी तिथे तंबाखू वाळवायचे. गंधक शेजाऱ्याकडून आणलं. शेजाऱ्याने ना काही विचारलं, ना तो हसला. मुकाट्याने दिलं. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं बिएनला वाटलं.

त्याने मनाची समजूत कशी घातली तेही सांगते. पोरगी जिनानला, फुलं जाणार मोठमोठ्या हंड्यांत, शंभर गावांच्या मालात मिसळणार. एवढ्याशा धुराने कोणाचं काय बिघडतं? आणि हे करतोय ते कोणासाठी, स्वतःसाठी का? माणसाला स्वतःला फसवायचं असलं की शब्दांचा तोटा पडत नाही. भट्टीचं दार लावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं होतं, असं तो म्हणाला असता.

संध्याकाळी शिलानने फुलं पाहिली आणि टोपली खाली ठेवायचीच विसरली.

“अगं बाई! हे कसं केलंत?”

“तंबाखूच्या भट्टीत. मंद आचेवर.”

“आणि हा वास कसला?”

“कोळशाचा. जाईल हळूहळू.”

“इतकी वर्षं हे डोकं कुठे ठेवलं होतंत?” शिलानने त्याच्या खांद्यावर चापट मारली. “मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फुलांबरोबरच काळं पडलं!”

तो हसला. आयुष्यात इतक्या कष्टाने तो कधी हसला नव्हता.

चोउशेठ आला, मूठभर नमुना पिशवीत घालून घेऊन गेला. आकडा आला की गाडी पाठवतो म्हणाला. बिएनने बाकीची फुलं पोत्यांत भरली, तोंडं शिवली आणि पोती कोठीत नेऊन ठेवली. काळी फुलं स्वयंपाकघरातल्या बरणीत गेली. आता आठवडाभरात माल जाईल, वास जाईल आणि गोष्टही जाईल, असा त्याचा हिशेब होता.

आणि यूलू घरी आली. सांगून नाही, सवरून नाही. शहरात खोकल्याची साथ होती, कारखान्याने आजारी माणसांना घरी पाठवलं होतं. बसमधून उतरून चढ चढून आली ती दारातच ओणवी होऊन खोकत राहिली. अंगात ताप, डोळे लाल. शिलानने तिला पांघरुणात घातलं, राळ्याची पेज केली, बडबड सुरू केली.

“हाडं मोजून घ्यावीत अशी झालीस! काय खातेस तिथे, यंत्रं?”

“आई, ओरडू नकोस. डोकं दुखतंय,” यूलू म्हणाली. “बाबा, कोठीतली फुलं दाखवा ना. शेठ म्हणत होते, असा रंग त्यांनी यंदा कुठेच पाहिला नाही.”

“कोठीत उंदरांचं औषध टाकलंय,” बिएन झटकन म्हणाला. “जायचं नाही तिकडे. बरी हो आधी.”

लेक घरात आणि तो माल भिंतीपलीकडे. त्याला बसवेना. आता आठवडाभर थांबायचं नाही, आजच्या आज पोती घरातून हलवायची, असं त्याने ठरवलं. तालुक्याला जाऊन चोउशेठचे पाय धरावे लागले तरी चालतील. तीनचाकी काढताना त्याने शिलानला बोलावलं.

“तिला सोनरुपी उकळून दे. बरणीतली. काळी.”

“काळी?”

“हो, काळीच. पोती शिवलेली आहेत, ती उसवू नकोस.”

शिलान त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेचा अर्थ त्याला कळायला हवा होता. पण त्याचा जीव कोठीतल्या पोत्यांपाशी अडकला होता. तो निघून गेला.

चोउशेठ जागेवर होता, जेवत होता. आकडा आल्याशिवाय माल उचलत नाही म्हणाला.

“एवढी कसली घाई बिएनदादा? पोती काय पळून चाललीत?”

बिएनने विनवण्या केल्या. तुमच्या गोदामात नुसती ठेवून घ्या, असंही म्हणाला. शेठने काड्यांनी डुकराच्या मांसाचा तुकडा उचलला आणि संध्याकाळपर्यंत थांबा, असं सांगितलं. बिएन रिकाम्या हाताने परत फिरला.

घराच्या वळणावरच त्याला वास आला. आधी शिरक्याचा, म्हणजे आंबट व्हिनेगरचा. तिकडे घरात कोणी खोकायला लागलं की शिरका उकळतात, खोलीभर वाफ करतात. सगळेच करतात, त्यात नवल नव्हतं. पण शिरक्याच्या मागून दुसरा वास येत होता. पेटलेल्या काडीपेटीचा, नाकात सुईसारखा जाणारा. त्याने तीनचाकी तशीच उतारावर सोडली आणि तो धावला.

यूलू जमिनीवर, भिंतीला टेकून बसली होती. समोर पातेलं होतं, पातेल्यात हिरवट पांढऱ्या कळ्या तरंगत होत्या. बाजूला गोधडी पडली होती, जिच्याखाली डोकं घालून तिने वाफ घेतली होती. तिचे खांदे कानापर्यंत चढले होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि मग मध्येच येत नव्हता. शिलान तिची पाठ चोळत होती.

“अहो, बघा ना हिला काय झालं! वाफारा दिला नुसता. छाती मोकळी व्हावी म्हणून शिरकाही घातला चांगला वाटीभर...”

“कुठली फुलं घेतलीस?”

“पोत्यातली! उंदरांचं औषध तर कुठे दिसलंच नाही कोठीत. हो, उसवलं मी पोतं, काय कराल? लेक तापाने फणफणलीय आणि तिला मी गवत उकळून देऊ? तीच सांगत होती ना, काळ्यात औषध नसतं? विकायच्या मालावर एवढा जीव आणि पोटच्या पोरीवर...”

त्याने पातेलं लाथेने उडवलं. लेकीला उचललं. लहानपणी उचलली होती तेव्हा ती हलकी होती. आता तिचे पाय जमिनीला घासत होते.

दम्याचा फवारा? तो जिनानच्या खोलीत कुठेतरी पडला असेल. वर्षानुवर्षं लागलाच नव्हता, कोण बरोबर घेऊन फिरतं? शेजाऱ्याने मोटार काढली. मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये यूलू. शिलान देवांची, पितरांची, आठवेल त्याची नावं घेत होती. बिएनने सगळी वाट तोंड उघडलं नाही. सांगायला हवं होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. पण लेक ऐकत होती. तिचे डोळे उघडे होते. प्राणवायू लावला की बरी होईल, मग तिला कळायची गरजच काय, असं तो मनाशी घोकत राहिला.

दवाखान्यात प्राणवायूचा मास्क लावला, सुई टोचली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण नीट विचारत होत्या.

“आधी दमा होता? बरं. आज काय झालं? घरात काही जाळलं होतं? फवारणी? औषधाचा धूर?”

“काही नाही बाई,” शिलान म्हणाली. “घरच्या सोनरुपीचा वाफारा घेतला, एवढंच.”

“गंधकाची धुरी दिलेली फुलं होती का?”

शिलान ताठ झाली. एवढ्या काळजीतही तिचा आवाज चढला. “आमच्या घरात गंधकाचा कण सापडायचा नाही. गावात कोणालाही विचारा. माझ्या नवऱ्याने आजवर...”

“होतं,” बिएन म्हणाला.

“काय होतं?”

“गंधक होतं. मी धुरी दिली. तू बाजाराला गेलीस त्या दिवशी.”

शिलानने त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडेल, मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर त्याने गाल पुढे केला असता. ती नुसती बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

“आणि त्यात शिरका घातला?” डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बदलला. “शिरक्याने तो सगळा वायू बाहेर पडतो हो! तो गोधडीखाली, आधीच सुजलेल्या छातीत घेतला तिने! आल्या आल्या का नाही सांगितलंत?”

उत्तराची वाट न बघता त्या आत पळाल्या. दारापलीकडे माणसं वाढली. शिलानला आत घेतलं, कारण यूलू आईचा हात सोडत नव्हती. बिएनला कोणी बोलावलं नाही आणि आपण होऊन जायचं धाडस त्याला झालं नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आतून कोणीतरी काहीतरी मागत होतं, कोणीतरी ‘लवकर’ म्हणत होतं. खिशात फोन वाजत होता, तो कधीपासून वाजत होता कोणास ठाऊक.

“बिएनदादा!” चोउशेठ एवढ्या मोठ्याने बोलत होता की बाजूच्या बाईने वळून पाहिलं. “आकडा आला! काय आकडा आहे हो, आख्ख्या डोंगरात पहिला! कारखान्याचे साहेब खूश आहेत. उद्या सकाळी गाडी पाठवतो. लेकीला सांगा, बापाने मान राखला म्हणावं.”

“शेठ, त्यात गंधक आहे.”

पलीकडून हसणं. “अहो, कोणाच्या मालात नसतं? ते कोण विचारतंय? यंत्राला आम्ल शोधायला सांगितलंय, ते आम्लच शोधतं. तुम्ही कशाला...”

“माझ्या पोरीने वाफ घेतली त्याची.”

“कोणती पोरगी? यूलू? ती तर जिनानला...”

बिएनने फोन बंद केला. लेक ज्या यंत्रापुढे बसायची त्यानेच हा आकडा काढला होता. ती आजारी नसती तर तिनेच काढला असता. बापाचं नाव वाचून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं असतं. त्याला तिचा आवाजसुद्धा ऐकू आला आणि तो बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

दिवस मावळायच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला होता. नळी घालेपर्यंत उशीर झाला होता, हृदय थांबलं, पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला, असं त्या म्हणाल्या. अजूनही काही म्हणाल्या. आधी कळलं असतं तर वाचली असती का, हे त्याने विचारलं. सांगता येत नाही, असं म्हणून त्या निघून गेल्या. आता ते कोणालाच सांगता यायचं नाही.

शिलान बऱ्याच वेळाने आली. तिच्या हातात यूलूचे मोजे होते, ती ते नीट जोडी लावून घडी करत होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा होती.

“घरी जाऊन पोती जाळतो,” बिएन म्हणाला. काहीतरी बोलायला हवं होतं. “सगळी जाळतो.”

“जाळू नका,” शिलान म्हणाली. “पुन्हा धूर होईल. पुरून टाका.”

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता आणि तेच त्याला सोसवेना.

“शिलान, मला शिव्या दे. काहीतरी बोल.”

ती घडी करत राहिली. मग बोलली, पण त्याच्याशी नाही, हातातल्या मोज्यांशी बोलावं तशी.

“तिला वास आला होता. पहिल्याच वाफेला तिने डोकं बाहेर काढलं. आई, गंधकासारखं काहीतरी येतंय म्हणाली. मी म्हटलं, वेडी का तू? तुझ्या बाबांनी भट्टीवर वाळवलीत, कोळशाचा वास आहे. तर हसली. म्हणाली, बाबांची आहेत ना, मग माझंच नाक बिघडलंय, तापाने धड कसलाच वास येत नाही. आणि आपल्या हाताने गोधडी ओढून घेतली.”

बिएनने तिच्याकडे हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि मोजे घट्ट धरून ठेवले.

“पुन्हा आत गेली,” ती म्हणाली. “तुमचं नाव ऐकून पुन्हा आत गेली.”